प्रेरणादायी ग्रंथ : कोणते वाचावेत, कसे वाचावेत?

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी भेटले की एक मागणी हमखास करतात, "सर, प्रेरणा मिळेल असे काही वाचायला सुचवा." पालकही आपल्या पाल्यांसाठी हीच विचारणा करतात. स्मरणिकेच्या निमित्ताने तिचे थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रथम ग्रंथनिवडीची कसोटी. बाजारात प्रेरणादायी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुस्तकांचा सूर एकच असतो : मनात आणले की सर्व काही साध्य होते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथील मुलाला हे वाक्य सुरुवातीस उभारी देते. परंतु एखाद्या प्रवेशपरीक्षेत अपयश आले की तेच वाक्य त्याच्यावर उलटते. सारा दोष आपल्याच मनाचा, असे समजून ते मूल आतून खचते. तथागतांची रीत निराळी आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, असे धम्म सांगतो. म्हणून जो ग्रंथ दुःखाची कारणे उलगडून दाखवतो आणि आपले म्हणणेही तपासून घेण्याची मुभा वाचकाला देतो, तो खरा प्रेरणादायी ग्रंथ होय.

या कसोटीवर अग्रस्थानी येतो तो बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज त्याचा मराठी अनुवाद आपल्या घरोघरी आहे. मात्र कित्येक घरांत तो प्रतिमेशेजारी वस्त्रात गुंडाळलेला असतो. वास्तविक या ग्रंथाचा आरंभच प्रश्नांनी होतो. वृद्ध, रोगी आणि मृतदेह पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात ही नित्याची दृश्ये त्याने पाहिलीच नसतील काय, असा त्यांचा सवाल आहे. त्याऐवजी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ते वाचकांपुढे मांडतात. असा ग्रंथ केवळ वंदन करून ठेवून देणे म्हणजे त्याच्या कर्त्याचा हेतूच बाजूला सारणे आहे.

दुसरे नाव धर्मानंद कोसंबी यांचे. त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात पाली साहित्याच्या आधारे दंतकथा आणि इतिहास वेगळे करण्याची शिस्त शिकायला मिळते. वसतिगृहात राहून शिकलेल्यांनी त्यांचे 'निवेदन' हे आत्मकथन अवश्य वाचावे. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण बुद्धाविषयी जाणून घेण्याच्या ओढीने घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असा खडतर प्रवास करून तो पालीचा जगन्मान्य पंडित झाला.

तिसरा ग्रंथ महात्मा फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला असता जोतीरावांनी तो डाव्या हाताने लिहिला. १८९० साली त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी ग्रंथ प्रकाशित झाला. माणसामाणसांत भेद न मानता सत्याने कसे वागावे, याचे विवेचन त्यात आहे.

माता-भगिनींसाठी आणि पुरुषांसाठीही दोन पुस्तके सुचवतो. पहिले 'थेरीगाथा'. त्यातील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. नदीत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की मग पाण्यातले बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील काय? दुसरे शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा'. दलित घरातील मुलगी शिकून शिक्षिका कशी होते, याची ही हकिकत आहे.

आता कसे वाचावे, हे पाहू. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांतून ग्रंथवाचन होते. तोच नेम घरीही पाळता येईल. धम्मपदात २६ वर्ग आणि ४२३ गाथा आहेत. रोज सायंकाळी पाच गाथा अर्थासह वाचल्या, तर ८५ दिवसांत, वर्षावासाच्या आतच, धम्मपद पूर्ण होते. वाचन मुलांनी करावे आणि वडीलधाऱ्यांनी ऐकून प्रश्न विचारावेत. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिच्यापाशी अनुभव आहे. तिचा प्रश्न पुष्कळदा सर्वांत नेमका असतो. उत्तर सापडले नाही तर प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि विहारात विचारावा. विहारातील वाचनानंतरही प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ राखून ठेवावा, अशी उपासक-उपासिकांना विनंती आहे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. विद्यार्थी भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाने बाबासाहेबांच्या मनात बुद्धाविषयीची जिज्ञासा जागवली. आपणही गुणवंतांच्या सत्कारात शाल आणि स्मृतिचिन्ह यांच्या जोडीला एक ग्रंथ द्यावा. महिन्याभराने त्या मुलाला पुन्हा भेटून ग्रंथ वाचताना कोणता प्रश्न पडला, हेही आवर्जून विचारावे.