अख्खी कोंबडी घरी कशी शिजवावी?



खाद्य, लस आणि खुराडं यांची माहिती तुम्ही आपल्या कार्यक्रमात नेहमी ऐकता. आता पाळलेली कोंबडी ताटात नीट कशी यावी ते बघू. जत्रेला, पाहुणे आले म्हणजे किंवा अंडी देणं थांबलेली कोंबडी काढायची झाली म्हणजे अख्खी कोंबडी शिजवण्याची हौस होते. पण वरून लाल झालेली कोंबडी आतून कच्ची राहिली, तर हौस दवाखान्यात जाते.

पहिली गोष्ट म्हणजे पक्षी धडधाकट असावा. मान टाकून बसलेली, चोचीतून चिकट पाणी गळणारी, हिरवट हगवण लागलेली कोंबडी "मरण्याआधी कापून घेऊ" म्हणून कापू नका. रात्री खुराड्यात मेलेली तर नकोच नको. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. चांगलं शिजवल्यावर तो विषाणू मरतो हे खरं, पण आजारी पक्षी कापताना आणि पिसं काढताना तो आपल्या हाता-नाकाशी येतो. धोका तिथेच जास्त. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. औषध चालू असलेली कोंबडीही, बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय खाऊ नये.

कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद ठेवा, पाणी मात्र द्या. पोट रिकामं असलं की साफ करणं सोपं जातं. पिसं काढायला पाणी कडकडीत उकळतं नको, कातडी फाटते. हात घालवणार नाही इतपत गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं की पुरे. आतडी काढताना काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, सगळं मटण कडू होतं. धुताना पाणी उडवू नका, आणि त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरू नका. घरी फ्रीज नसेल तर दोन तासांच्या आत चुलीवर चढवावी.

गावठी आणि ब्रॉयलर यांना एकच माप लावू नये. दीड किलोची सोललेली ब्रॉयलर मंद आचेवर तास-सव्वा तासात शिजते. दीड-दोन वर्षं अंडी दिलेल्या कोंबडीला दोन-तीन तासही लागतात. म्हातारी कोंबडी निखाऱ्यावर भाजायला घेऊ नका, चामडं चावल्यासारखं होईल. तिला कुकर बरा. एक शिटी झाली की आच कमी करून अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मग थोड्या तेलात परता.

माझ्या मते सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे जाड बुडाचा टोप. मांड्यांना आणि छातीला खोल चिरा द्या. आलं, लसूण, हळद, मीठ आणि घरचा मसाला आतून-बाहेरून चोळून तासभर गार जागी ठेवा. पाय दोऱ्याने बांधा. तेलात कांदा परतून कोंबडी ठेवा आणि झाकणावर पाणी घाला. ते पाणी आटेल तसं पुन्हा भरा, गरम झालेलं टोपात सोडा. मधून एकदा उलटा. पोटात तांदूळ किंवा अंडी गच्च भरण्याची काहींना आवड असते, पण त्यामुळे आतपर्यंत धग पोचत नाही. सैल भरा, नाहीतर वेगळं शिजवा.

रायगडकडचे शेतकरी थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. पाणी मुळीच नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-पेंढा पेटवायचा. अर्धा-पाऊण तासात शेंगा होतात. तेवढ्या वेळात मोठी कोंबडी होत नाही, म्हणून पोपटीला लहान, कोवळी आणि चिरा दिलेलीच घ्या, नाहीतर तुकडे करा.

टर्की पाळणाऱ्यांनी पाच-सहा किलोचा पक्षी अख्खा शिजवण्याच्या भरीस पडू नये. घरच्या टोपात तो मावत नाही, आणि मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. मांड्या आधी चढवा, छाती मागाहून.

शिजली का हे बघायला मांडी अंगाला जुळते तिथे सुरी खुपसा. रस स्वच्छ निघाला, मांस गुलाबी दिसलं नाही आणि तंगडी हाताने सहज फिरली, म्हणजे झाली. तापमापक असेल तर तिथेच ७४ अंश सेल्सिअस भरलं पाहिजे. निखाऱ्यावर भाजायची असल्यास आधी टोपात शिजवून घ्या आणि लगेच भाजा. अर्धवट शिजवून सकाळसाठी ठेवू नका.

उरलेल्या हाडांचा रस्सा करा. आतडी आणि पिसं मात्र उकिरड्यावर टाकू नका. विहिरीपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.