प्रतिरक्षान्यूनता व्हायरस, माकडांतील

आफ्रिकेतील माकडांत व कपींत निसर्गतः आढळणारा आणि मानवी एड्सच्या व्हायरसांशी निकटचे नाते असलेला रिट्रोव्हायरसांचा गट. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील नरवानर गणाच्या ४० हून अधिक जातींत हे व्हायरस आढळले आहेत. काजळी मँगाबे, आफ्रिकी हिरवे माकड व मँड्रिल हे त्यांचे प्रमुख नैसर्गिक पोषक प्राणी होत. या प्राण्यांना आयुष्यभर संसर्ग असूनही एड्स सहसा होत नाही. याउलट काजळी मँगाबेमधील व्हायरस आशियातील ऱ्हीसस माकडाच्या शरीरात शिरल्यास ते एड्स होऊन दगावते. या भेदाचे कारण मुख्यत्वे प्रतिरक्षा प्रतिसादाच्या स्वरूपात आहे.

इतिहास : हा व्हायरस प्रथम १९८५ मध्ये अमेरिकेतील एका संशोधन केंद्रातील आशियाई मॅकाक माकडांत आढळला. त्याचा उगम बंदिवासातील काजळी मँगाबेंत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मानवातील एचआयव्ही-२ हा व्हायरस काजळी मँगाबेंपासून, तर एचआयव्ही-१ चिंपँझी व गोरिला यांच्यापासून आलेला आहे [⟶ एड्स]. बिओको हे बेट सु. १० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढल्याने आफ्रिकेपासून अलग झाले. तेथील माकडांच्या व्हायरसांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला व त्यावरून या व्हायरसांचे वय किमान ३२ हजार वर्षे असावे, असे अनुमान काढण्यात आले. इतक्या दीर्घ सहवासात व्हायरस व पोषक परस्परांशी जुळवून घेऊ शकले.

प्रतिरक्षा प्रतिसाद : नैसर्गिक पोषकांचे शरीर व्हायरसाला आवर घालते म्हणून ते निरोगी राहतात, असा समज होणे साहजिक आहे, परंतु तो खरा नाही. त्यांच्या रक्तद्रवात दर मिलि.मागे व्हायरसाच्या लक्षावधी प्रती असू शकतात. त्यांच्यातील प्रतिपिंडे व मारक टी लसीका कोशिका रोगी माकडांतील कोशिकांहून अधिक प्रभावी असल्याचेही दिसत नाही. संसर्गाच्या आरंभी आतड्यातील सीडी-४ लसीका कोशिका दोन्ही प्रकारच्या प्राण्यांत घटतात आणि इंटरफेरॉनाचा प्रतिसादही दोहोंत तीव्र असतो. खरा भेद त्यानंतर दिसून येतो. नैसर्गिक पोषकांत हा क्षोभ काही आठवड्यांतच शमतो, तर ऱ्हीसस माकडांत व मानवात तो चालूच राहतो. त्यामुळे लसीका कोशिका सतत उद्दीपित होऊन नाश पावतात, आतड्याच्या श्लेष्मकलेला इजा होते व तेथील जंतूंचे घटक रक्तात झिरपून क्षोभ आणखी वाढवतात. काजळी मँगाबे व हिरवे माकड यांच्यात आतड्याचा हा अडसर अभंग राहतो.

संरक्षणाचे इतर उपाय जातीनुसार भिन्न आहेत. काजळी मँगाबेच्या दीर्घजीवी स्मृतिकोशिकांवर व्हायरसाला प्रवेशासाठी लागणारा सीसीआर-५ हा ग्राही अत्यल्प असतो. त्यामुळे त्या कोशिका बचावतात. हिरव्या माकडातील सीडी-४ कोशिका स्मृतिकोशिका बनताना सीडी-४ रेणूच टाकून देतात, पण आपले साहाय्यक कार्य बव्हंशी चालू ठेवतात. याच माकडाच्या लसीका ग्रंथींतील पुटकांत नैसर्गिक मारक कोशिका शिरून तेथील व्हायरसाला रोखतात, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. काजळी मँगाबेच्या जीनोमाच्या २०१८ मधील अभ्यासात जंतूंची चाहूल घेणाऱ्या एका ग्राहीच्या जीनमध्ये प्रतिसाद सौम्य करणारा बदल आढळला.

ही सहिष्णुता निरपवाद नाही. सु. १८ वर्षे संसर्ग असलेल्या एका बंदिस्त काजळी मँगाबेला एड्स झाल्याची नोंद आहे. टांझानियातील गोंबे येथील रानटी चिंपँझींत या संसर्गामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असे २००९ मध्ये दिसून आले.

महत्त्व : व्हायरसाची वाढ व रोग या एकच गोष्टी नव्हेत, शरीराचा स्वतःचा अनावर प्रतिसादही रोगास कारणीभूत होतो, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होय. औषधांनी व्हायरस दबल्यावरही अनेक एचआयव्हीबाधितांत सौम्य क्षोभ टिकून राहतो व हृदयविकारादी विकारांचा धोका वाढवतो. तो क्षोभ कसा शमवावा, याचे उत्तर शोधताना ही माकडे मार्गदर्शक ठरत आहेत.