महाराष्ट्रातील कुटुंबनियोजन धोरण आणि कॅथलिक चर्च

महाराष्ट्रातील कुटुंबनियोजन धोरण म्हणजे जननदर कमी करणे, माता व बालकांचे आरोग्य सुधारणे आणि लहान कुटुंबाचा स्वीकार वाढवणे यांसाठी राज्यात राबवण्यात आलेले कायदे, योजना व प्रचारमोहिमा होत. या धोरणाचे आणि कॅथलिक चर्चच्या विवाहविषयक शिकवणीचे काही बाबतींत एकमत आहे, तर काही बाबतींत तीव्र मतभेद आहेत. मुंबई, वसई तालुका आणि शेजारचे गोवा राज्य येथे कॅथलिक समाजाची जुनी वस्ती असल्यामुळे या मतभेदांना स्थानिक महत्त्व आहे. फिलिपिन्ससारख्या कॅथलिकबहुल देशात शासनाने गर्भनिरोधक साधने पुरवावीत की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या (सर्व पंथ मिळून) सुमारे एक टक्का आहे. येथे कळीचा प्रश्न वेगळा ठरला: अपत्यसंख्येबाबत शासन नागरिकावर कितपत सक्ती करू शकते?

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात संततिनियमनाचा प्रचार शासकीय धोरणाच्या बराच आधी सुरू झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या प्रचारामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. हे महाविद्यालय स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनने स्थापन केलेले होते. त्या काळी संततिनियमनाला असलेला विरोध कोणत्याही एका पंथापुरता मर्यादित नव्हता. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले.

१९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. धनवंती रामा राव तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना झाली. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा अधिकृत कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो.

चर्चची शिकवण

पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० रोजी काढलेल्या 'कास्ती कोन्नुबिई' या परिपत्रात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले. गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोधानंतर या भूमिकेचा फेरविचार करण्यासाठी १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी एक आयोग नेमला. पुढे पोप सहावे पॉल यांनी तो विस्तारला. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस या विस्तारित आयोगाचे सदस्य होते. आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने होते. परंतु पोपांनी ते मान्य केले नाही. २५ जुलै १९६८ रोजीच्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रात त्यांनी गर्भनिरोधक साधने, नसबंदी आणि गर्भपात या तिन्हींना नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवले.

चर्चने कुटुंब लहान ठेवण्यास मात्र मनाई केलेली नाही. आरोग्य, आर्थिक परिस्थिती आणि आधीच्या मुलांची जबाबदारी यांचा विचार करून पतिपत्नीने अपत्यांची संख्या ठरवावी, या विचाराला चर्च 'जबाबदार पालकत्व' म्हणते. त्यासाठी स्त्रीच्या मासिक चक्रातील वंध्य काळाचा उपयोग करणारी नैसर्गिक पद्धतच ग्राह्य मानली जाते. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन व डॉ. एव्हलिन बिलिंग्ज यांनी विकसित केलेली पद्धत याच प्रकारची आहे.

शासनाच्या भूमिकेविषयीही चर्चचे स्पष्ट मत आहे. पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आले होते. 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो' (१९६७) या परिपत्रात त्यांनी आपल्या भारतभेटीचा उल्लेख केला आहे. लोकसंख्यावाढीमुळे विकासात अडचणी येतात, हे त्यात मान्य केले आहे. शासन माहिती देऊ शकते आणि योग्य उपाय योजू शकते; मात्र ते उपाय नैतिक नियमांना धरून असावेत आणि दांपत्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणारे असावेत, अशी अट त्यात घातली आहे. शासनाने दांपत्यांवर एखादी पद्धत लादण्याच्या धोक्याचा इशारा 'ह्युमाने व्हिते'मध्येही आहे.

शासकीय कार्यक्रम

१९६० च्या दशकात कार्यक्रमाचा भर तांबी आणि पुरुष नसबंदी यांवर आला. लाल त्रिकोण हे त्याचे चिन्ह बनले. १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आला. मुंबईत महापालिकेने रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास रोख रक्कम दिली जाई. १ एप्रिल १९७२ पासून वैद्यकीय गर्भपात कायदा लागू झाला. चर्चचा गर्भपाताला विरोध असल्याने शासकीय कार्यक्रम आणि चर्च यांतील अंतर आणखी वाढले.

नसबंदी व गर्भपात या शस्त्रक्रिया कॅथलिक संस्थांच्या रुग्णालयांत होऊ नयेत, असा चर्चचा दंडक आहे. परिणामी एकाच गावातील कॅथलिक दांपत्याला प्रसूतीसाठी मिशनचे रुग्णालय आणि नसबंदीसाठी सरकारी दवाखाना असे दोन वेगळे मार्ग राहिले. शासनाने आपले यश प्रामुख्याने नसबंदीच्या आकड्यांत मोजले. नैसर्गिक पद्धतीचे शिक्षण चर्चच्या विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांपुरते राहिले.

१९७६ चे सक्तीचे विधेयक

आणीबाणीच्या काळात, १६ एप्रिल १९७६ रोजी, केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. सक्तीच्या नसबंदीचा कायदा केंद्राने स्वतः न करता तशी इच्छा असलेल्या राज्यांना मुभा दिली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन हयात अपत्ये असलेल्या दांपत्यापैकी एकाने नसबंदी करून घेणे त्यानुसार बंधनकारक ठरणार होते. मुख्य जबाबदारी पतीवर होती आणि उल्लंघनासाठी कारावासाची तरतूद होती. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे देशातील एकमेव राज्य ठरले.

या विधेयकामुळे कॅथलिक नागरिकापुढे केवळ गैरसोयीचा प्रश्न उरला नसता. धर्माने निषिद्ध मानलेली शस्त्रक्रिया न केल्यास तो गुन्हेगार ठरला असता. सक्तीला आक्षेप घेणारे केवळ कॅथलिक नव्हते. मुस्लिम समाजात, नागरी स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्यांत आणि ग्रामीण गरिबांतही भीती व नाराजी होती. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, त्यामुळे त्याचा कायदा झाला नाही.

कायदा नसतानाही प्रशासकीय दबाव मोठा होता. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ मध्ये ही संख्या सुमारे ८३ लाखांवर गेली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला. नव्या जनता सरकारने कार्यक्रमाचे नाव 'कुटुंब कल्याण' असे बदलून तो ऐच्छिक असल्याचे जाहीर केले. या काळानंतर पुरुष नसबंदीचे प्रमाण घसरले ते पुन्हा सावरले नाही आणि कार्यक्रमाचा भार स्त्रियांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते.

दोन अपत्यांची अट

आणीबाणीनंतर सक्तीची जागा अपात्रतेने घेतली. महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्या व्यक्तीस ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांची निवडणूक लढवता येत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यांच्या बाबतीत ही अट लागू होते. महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ अन्वये राज्य शासनाच्या नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हरियाणातील अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २००३ रोजी जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात वैध ठरवले. धर्मस्वातंत्र्यावर आधारित आक्षेप न्यायालयाने फेटाळला. हरियाणा, हिमाचल प्रदेश व मध्य प्रदेश यांनी पुढे ही अट मागे घेतली. आंध्र प्रदेशने ती २०२४ मध्ये रद्द केली.

ही अट संख्येवर आहे, पद्धतीवर नाही. त्यामुळे चर्चची शिकवण पाळणाऱ्या दांपत्याला नैसर्गिक पद्धतीने दोन अपत्यांवर थांबता येते. मात्र ही पद्धत फसल्यास होणारा परिणाम त्यालाही भोगावा लागतो. तिसरे अपत्य जन्माला आल्यास उमेदवारीचा हक्क जातो आणि गर्भपाताचा मार्ग धर्माने बंद असतो. स्त्रियांच्या दृष्टीनेही ही अट वादग्रस्त ठरली. अपत्यसंख्येचा निर्णय अनेकदा स्त्रीच्या हाती नसतो. परंतु राखीव जागेवर निवडून आलेली स्त्री त्याच कारणावरून अपात्र ठरते.

वसई परिसर

वसई परिसर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अंमलाखाली होता. तेथील सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी आदी समाजांत कॅथलिक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय वसईत आहे.

पश्चिम पट्ट्यातील जुन्या वाड्यांत शेती व बागायती हा कुटुंबाचा आधार होता. पूर्वेकडे मात्र नागरीकरणाने वेगळे चित्र निर्माण केले. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. त्यानंतर वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीसारख्या सदनिकांच्या वसाहती वाढल्या. मुंबईबाहेर परवडणारे घर शोधणारी विविध धर्मांची व भाषांची कुटुंबे तेथे आली. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या सुमारे १२.२ लाख होती. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या निवडणुकीतही दोन अपत्यांची अट लागू आहे.

सद्यःस्थिती

२०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आणि गोव्याचा १.३ होता. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी आवश्यक असलेल्या २.१ या पातळीपेक्षा हे दोन्ही दर कमी आहेत. देशातील ख्रिस्ती समाजाचा जननदर १.८८ नोंदवला गेला, तो राष्ट्रीय सरासरीपेक्षा (२.०) कमी होता. चर्चच्या शिकवणीमुळे कॅथलिक कुटुंबे अपरिहार्यपणे मोठी राहतात, या समजुतीला हे आकडे दुजोरा देत नाहीत. स्त्रीशिक्षण, बालमृत्यूंतील घट, नोकरी, स्थलांतर आणि घरांच्या किमती यांचा प्रभाव सर्वच धर्मांच्या कुटुंबांवर पडला आहे.

चर्चच्या चिंतेची दिशाही काही ठिकाणी बदलली आहे. केरळमधील पाला धर्मप्रांताने २०२१ मध्ये पाच किंवा अधिक अपत्ये असलेल्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य जाहीर केले. फिलिपिन्समध्ये चर्चच्या विरोधानंतरही डिसेंबर २०१२ मध्ये जबाबदार पालकत्व व प्रजनन आरोग्य कायदा संमत झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्यातील काही तरतुदी रद्द करून उर्वरित कायदा वैध ठरवला. महाराष्ट्रात जननदर २.१ च्या खाली गेला असला, तरी दोन अपत्यांची अट कायम आहे.

हे सुद्धा पहा

रघुनाथ धोंडो कर्वे
आणीबाणी (भारत)
वसई धर्मप्रांत
वसई-विरार शहर महानगरपालिका