‘दोष दिसला नाही’ म्हणजे ‘दोष नाही’ का? : हेलिकॉप्टरच्या इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि पुराव्याचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ‘अभाव’ या विषयापाशी थांबलो होतो. एखादी वस्तू आहे, हे कळणं सोपं. ती नाही, हे आपल्याला कसं कळतं? शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की सर, हा प्रश्न वर्गाबाहेर कधी उपयोगी पडतो का? त्याचं उत्तर आज देऊ. त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत ते तुम्हाला जरा आडवळणाचं वाटेल: हेलिकॉप्टरच्या इंजिनाला इंधन किती द्यायचं, हे ठरवणारी एक पेटी. आम्ही अभियंते नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ‘ही पेटी सुरक्षित आहे’ असं म्हणायला पुरावा कुठला लागतो, हा प्रश्न मात्र आमच्या घरचा आहे.

आधी ही पेटी काय करते ते बघू. हेलिकॉप्टर हवेत राहतं ते डोक्यावरच्या पात्यांच्या फिरण्यानं. गंमत अशी, की वर जायचं म्हणून पाती जास्त वेगानं फिरवत नाहीत. त्यांचा वेग जवळजवळ कायम ठेवायचा असतो. बदलतो तो पात्यांचा कोन. कोन वाढवला की हवेचा विरोध वाढतो, पात्यांचा वेग कमी व्हायला लागतो, आणि तो पडू नये म्हणून इंजिनाला तत्काळ जास्त इंधन द्यावं लागतं. कमी दिलं तर उचल जाते. जास्त दिलं तर पाती मर्यादेबाहेर फिरून मोडण्याचा धोका. एकदम ओतलं तर इंजिन तापतं, त्यातल्या हवेचा प्रवाह बिघडतो. दोन इंजिनं असली तर दोघांनी भार सारखा वाटून घ्यायचा, हे आणखी एक काम.

पूर्वी हा सगळा हिशोब झडपा, स्प्रिंगा आणि तेलाचा दाब यांच्यावर चालणारी यंत्रणा करायची. १९८०च्या सुमारास हे काम संगणकाकडे जायला लागलं. या यंत्रणेला ‘फेडेक’ म्हणतात. त्या नावात ‘पूर्ण अधिकार’ असा शब्द आहे आणि तोच महत्त्वाचा. वैमानिक सांगतो ते या पेटीला. इंजिनाला काय द्यायचं ते पेटी ठरवते. याचे फायदे खरे आहेत. वैमानिकाचं लक्ष मोकळं होतं, इंजिन मर्यादेत राहतं, इंधन वाचतं. पण अधिकार पूर्ण दिला की जबाबदारीही पूर्ण मागायला हवी. ती मागणं म्हणजेच नियमन.

आता नियमन कसं करतात? पहिली पायरी वर्गवारीची. ही पेटी बिघडली तर काय होईल? नुसता त्रास होईल, की माणसं मरतील? परिणाम जितका भयंकर, तितका पुरावा कडक. मोठ्या नागरी विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या नियमांत, ज्या बिघाडानं सर्वनाश होईल त्याची शक्यता दर तासाला एक अब्जांशाच्या पलीकडे, म्हणजे जवळजवळ अशक्य असावी, अशी अपेक्षा असते.

इथे एक अडचण आहे, आणि ती तत्त्वज्ञानाची आहे. एक अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं. तेवढा काळ पेटी चालवून बघणार कोण? धातूच्या भागाचं निदान असं असतं, की तो झिजतो, थकतो, आणि त्याचे आकडे गोळा करता येतात. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच असते, आणि विशिष्ट परिस्थिती जुळून आली की प्रकट होते. बरं, एकाला दुसरी पेटी जोडीला ठेवली, पण दोघींत तेच सॉफ्टवेअर असेल, तर चूकही दोघींत तीच. म्हणजे ‘हजार तास चालवलं, काही झालं नाही’ हा पुरावा चांगला असला तरी इथे पुरत नाही.

म्हणून नियमकांनी वाट बदलली. ‘चालवून दाखवा’ एवढ्यावर न थांबता ते म्हणू लागले, ‘कसं बनवलंत ते दाखवा.’ नागरी विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी ‘डीओ-१७८’ हा दस्तऐवज जगभर वापरतात. त्याची एक आवृत्ती १९९२ची, पुढची २०११ची. त्यात ए ते ई असे पाच स्तर आहेत. ए सर्वांत कडक. तिथे प्रत्येक अपेक्षा लिहिलेली हवी, प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुठल्या अपेक्षेसाठी आहे ते दाखवता यायला हवं, आणि निर्णयातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते हे चाचणीनं सिद्ध करायला हवं. शिवाय हे तपासणारा माणूस लिहिणाऱ्याहून वेगळा. पुष्कळांना हा कागदी घोड्यांचा खेळ वाटतो. तो तसा का नाही, हे कळायला आपल्याला एका अपघाताकडे जावं लागेल.

२ जून १९९४. ब्रिटिश हवाई दलाचं एक चिनूक हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडमधल्या अल्डरग्रोव्हहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसकडे निघालं. त्यात उत्तर आयर्लंडच्या सुरक्षेचं काम पाहणारे २५ अधिकारी आणि चार जणांचे कर्मचारी होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास, धुक्यात, ते मल ऑफ किंटायर या भूशिराच्या डोंगरउतारावर आदळलं. २९च्या २९ माणसं गेली. हेलिकॉप्टरमध्ये ना संभाषण टिपणारं यंत्र होतं, ना उड्डाणाची नोंद ठेवणारं.

हे हेलिकॉप्टर चिनूकच्या नव्या, मार्क २ आवृत्तीचं होतं. तिच्या दोन्ही इंजिनांवर फेडेक नव्यानं बसवलेलं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, जमिनीवरच्या चाचणीत याच यंत्रणेचं एक ब्रिटिश चिनूक इंजिनाचा वेग अनावर होऊन जबर मोडलं होतं. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयानं त्याबद्दल उत्पादकावर दावा करून भरपाईही मिळवली होती. १९९३ मध्ये एका स्वतंत्र कंपनीला हे सॉफ्टवेअर तपासायला दिलं. तिनं फक्त १८ टक्के भाग पाहिला, त्यात ४८६ विसंगती सापडल्या, आणि तपासणी थांबवली. लष्करी विमानं पारखणारं बोस्कोम्ब डाउन इथलं केंद्र म्हणत होतं, की या सॉफ्टवेअरची खातरजमा करता येत नाही, ते नव्यानं लिहा. तरीही नोव्हेंबर १९९३ मध्ये काही मर्यादा घालून हेलिकॉप्टर सेवेत घेतलं गेलं. आणि १ जून १९९४ला, म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी, बोस्कोम्ब डाउननं आपली चाचणी उड्डाणं थांबवली होती.

इथे थांबा. तुमच्या मनात निष्कर्ष तयार झाला असेल: सॉफ्टवेअरनं मारलं. तसं सिद्ध झालेलं नाही. आम्ही ते सुचवतही नाही. ‘विसंगती’ म्हणजे अपघात घडवणारी चूक असंही नाही. बऱ्याच विसंगती लिखाणाच्या, कागदपत्रांशी मेळ नसण्याच्या असू शकतात. हे सॉफ्टवेअर ‘सुरक्षेला निर्णायक’ आहे की नाही, यावरच बोस्कोम्ब डाउन आणि मंत्रालय यांचं एकमत नव्हतं. म्हणजे मतभेद पहिल्या पायरीवर, वर्गवारीवरच होता. आम्हाला बघायचंय ते वेगळं: पुढे लोकांनी युक्तिवाद कसा केला.

अवशेषांची तपासणी झाली. इंजिनांत किंवा त्यांच्या नियंत्रणात बिघाड झाल्याचा पुरावा मिळाला नाही. चौकशी मंडळानं वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही. पण १९९५ मध्ये त्या अहवालावर शेरा देणाऱ्या दोन वरिष्ठ हवाई अधिकाऱ्यांनी दोन्ही मृत वैमानिकांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. हवाई दलाचा त्या वेळचा नियम असा होता, की मृत वैमानिकाला दोषी ठरवायचं तर कसलीही, अगदी तिळमात्रही शंका उरता कामा नये.

आता आपल्याकडे या. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही, हे ज्ञान अनुपलब्धीनं होतं. नैयायिक तिला वेगळं प्रमाण मानत नाहीत. पण एका अटीबद्दल दोघांचंही एकमत आहे. ती अट म्हणजे ‘योग्यता’. घट इथे असता तर तो दिसला असता, असं म्हणता आलं पाहिजे. उजेड आहे, डोळे धड आहेत, घट डोळ्यांना दिसण्याजोगा आहे, आणि तरी दिसत नाही: तेव्हाच ‘नाही’ म्हणायचा अधिकार. अंधाऱ्या खोलीत चाचपडून बाहेर आलात आणि म्हणालात, ‘आत घट नाही’, तर ते ज्ञान नव्हे. ते नुसतं न दिसणं. न दिसणाऱ्या भुताखेतांबद्दलही हेच; ते डोळ्यांनी दिसणार नाही असं म्हणता, तर दिसलं नाही म्हणून ते नाही असंही म्हणता येत नाही.

ही अट मल ऑफ किंटायरला लावून बघा. नियंत्रकात क्षणभर चूक झाली असती, तर डोंगरावर तिची खूण उरली असती का? संगणकाची चूक तडा गेलेल्या दांड्यासारखी नसते. ती येते आणि जाते. नोंद ठेवणारं यंत्र नव्हतं. प्रोग्रॅम अपेक्षांशी ताडून पाहता येत नव्हता. अपघाताचा तपास करणाऱ्यानंच सांगितलं होतं, की आघातापूर्वी नियंत्रणं अडकली असण्याची शक्यता ठामपणे फेटाळता येत नाही. म्हणजे खोलीत अंधार होता. ‘बिघाड दिसला नाही’ हे वाक्य खरं. ‘बिघाड नव्हता, म्हणून चूक वैमानिकांचीच’ हे त्यावरून निघत नाही.

आणखी एक उलटापालट बघा. उड्डाणाआधी यंत्राविषयी शंका होती, तिचा फायदा यंत्राला मिळाला. अपघातानंतर माणसांविषयी शंका होती, तिचा फायदा माणसांना मिळायला हवा होता, नियम तसाच होता, आणि तो मिळाला नाही. आमच्या मते सुरक्षेच्या नियमनाचा सगळा गाभा या एका वाक्यात आहे: उड्डाणाआधी शंकेचा फायदा यंत्राला द्यायचा नाही, कारण बोलायला उद्या कदाचित फक्त यंत्राचे अवशेष उरतील.

पुढची हकिगत थोडक्यात. २००० मध्ये कॉमन्सच्या लोकलेखा समितीनं आणि २००२ मध्ये लॉर्ड्सच्या समितीनं तो ठपका टिकत नाही असं सांगितलं. मंत्रालय बधलं नाही. शेवटी १३ जुलै २०११ रोजी लॉर्ड फिलिप यांचा पुनर्विचार अहवाल आला, ठपका रद्द झाला, आणि संरक्षणमंत्र्यांनी संसदेत वैमानिकांच्या कुटुंबांची माफी मागितली. सतरा वर्षं. या प्रकरणातली काही कागदपत्रं २०९४ पर्यंत बंद आहेत; त्यांत वैयक्तिक माहिती आहे, असं मंत्रालय म्हणतं. नातेवाईक अजून चौकशी मागताहेत.

शेवटी आलेल्या प्रश्नांतला एक इथे घेतो, कारण तो नेमका आहे. एका ताईंनी विचारलं, ‘सर, एवढा पुरावा मागत बसलो तर काहीच उडणार नाही. मग?’

ताई, असं खरंच झालंय. त्याच मंत्रालयानं १९९५ मध्ये आठ चिनूक मार्क ३ मागवली. किंमत सुमारे २५ कोटी ९० लाख पौंड. २००१ मध्ये ती हाती आली, आणि ढगांतून उडवायची परवानगी देता येईना. या वेळी इंजिनाचं नव्हे, कॉकपिटचं सॉफ्टवेअर होतं. पण अडचण तीच. ते सुरक्षित आहे असं दाखवायला लागणारी माहिती हाती नव्हती, कारण ती करारात मागितलीच नव्हती. हेलिकॉप्टरं कित्येक वर्षं हँगरमध्ये पडून राहिली, आणि शेवटी त्यांत जुन्या पद्धतीचं कॉकपिट बसवावं लागलं. ती वाईट होती, असंही कोणी सिद्ध केलं नाही. फक्त तपासता येत नव्हती.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, नाही म्हणण्याची किंमत मोठी असते, आणि ती मोजणाऱ्याला लोक नावं ठेवतात. दुसरी, ही किंमत पुरावा मागितल्यामुळे आली नाही. तो उशिरा मागितल्यामुळे आली. घर बांधून झाल्यावर खिडकी पाडायची तर भिंत फोडावी लागते. आधीच नकाशात काढली तर खर्च विटांचाही नाही.

डीओ-१७८ सारखा दस्तऐवज म्हणूनच कागदी घोडा नाही. तो असं वचन देत नाही, की या पेटीत दोष नाही. तो एवढंच मागतो, की पेटी अशी बांधा, की दोष असता तर दिसला असता. तो खोलीत दिवा लावायला सांगतो. दिवा लावून काही दिसलं नाही, तर मग ‘नाही’ म्हणा; तो शब्द तेव्हा तुमचा.

पुढच्या वेळी ‘अर्थापत्ती’कडे जाऊ: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे, मग तो रात्री जेवतो. त्यातही घाई कुठे होते, ते बघायचं आहे. आज इथेच थांबतो.