मध्यरात्रीचं चायनीज : आधी भात बघा, मग ऑर्डर द्या

‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण आपण गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. मग त्याला लोचो खाऊ घालतो, जाताना घारीचा डबा बांधून देतो. पण रात्री साडेबाराला भूक लागली, की भेस्तान-पांडेसऱ्याकडची पोरं काय शोधतात? चायनीजची लारी!

उधना, पांडेसरा, भेस्तान, सचिन हा सगळा पट्टा कारखान्यांचा. इथले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालतात. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरून आलेली खानदेशातली कितीतरी कुटुंबं याच कामावर इथे स्थिरावली. त्यामुळे रात्री जागणारी माणसं आपल्या भागाला नवीन नाहीत. 2019 पासून गुजरातच्या दुकान कायद्याने महापालिका हद्दीत दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभाही दिली. रात्री खायला मिळतं, प्रश्न आहे तो चांगलं कुठे मिळतं हा.

आपलं हे चायनीज तसं देशीच. चिकन मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला घेतला आणि त्यात सोया सॉस व कॉर्नफ्लोअर घातलं. पुढे चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले आणि सुरतेत तर कांदा-लसूण नसलेलं जैन मंचुरियनही मिळू लागलं.

रात्रीच्या धंद्याला हे खाणं अगदी सोयीचं. भात शिजवून ठेवलेला, भाजी चिरून ठेवलेली, खाली भडकती आच. पाच मिनिटांत प्लेट हातात. पण सोय जिथे आहे तिथेच धोकाही आहे, आणि तो भातात आहे.

फ्राइड राइसला गार, मोकळा भात लागतो. ताजा गरम भात कढईत चिकटतो. म्हणून भात आधी करून ठेवणं यात काहीच चूक नाही. तो गार करून फ्रीजमध्ये ठेवला तर उत्तम. मात्र तोच भात सुरतच्या उकाड्यात संध्याकाळपासून उघड्यावर राहिला, तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू भात शिजवतानाही मरत नाहीत. त्यातून तयार होणारं एक विष तर पुन्हा कितीही परतलं तरी जात नाही. असा भात पोटात गेला, की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. भात जोरदार आचेवर परतलाय म्हणजे काळजी नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

त्यामुळे लारीचं नाव किंवा दिव्यांचा झगमगाट बघू नका. गर्दी बघा. जिथे भात सतत संपतो आणि नवा येतो, ती लारी बरी. भाताचं पातेलं झाकलेलं आहे का, भात आंबूस किंवा चिकट वाटतो का, हे बघा. शंका आली तर भाताऐवजी समोर उकळणारं सूप मागवा. तळणीचं तेल काळं पडलं असेल, तर मंचुरियनच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी खूण रंगाची. मंचुरियन सोया सॉसमुळे तपकिरी दिसतं, कुंकवासारखं लालभडक नाही. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही. ‘भैया, कलर मत डालना’ एवढं म्हणायला आपण लाजतो. लाजू नका. रंग न घालता चव जराही कमी होत नाही.

आणि पार्सल न्यायचं असेल तर घरून स्टीलचा डबा न्या. गरम सूप पातळ पिशवीत बांधून आणण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. ड्राय मंचुरियन आणि ग्रेव्ही वेगवेगळी घ्या, म्हणजे गोळे मऊ पडत नाहीत. घरी पोचल्यावर लगेच खा. उरलेला भात ‘सकाळी बघू’ म्हणत ओट्यावर ठेवायचा नाही. आईने डब्यात भरून दिला तरी नाही!