उंदराच्या जठरावर उजळलेलं निदान

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर, दुसरा दारूवर. पण हिपॅटायटिसचे सगळे व्हायरस निगेटिव्ह, दारूला कधी हात लावलेला नाही, तरी यकृताचं एन्झाइम एसजीपीटी चढलेलंच, असंही होतं. मग डॉक्टर ऑटोइम्यून तपासण्या लिहून देतात, आणि चारकोपच्या कलेक्शन सेंटरमधून रक्ताची नळी मोठ्या लॅबकडे निघते. तिथली पद्धत समजली तेव्हापासून मी तिच्या प्रेमातच आहे.

काचपट्टीवर उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे अतिशय पातळ काप असतात. त्यांच्यावर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम सोडतात. त्यात स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटीबॉडी असतील, तर त्या आपापलं लक्ष्य शोधून चिकटतात. काचपट्टी धुऊन वर चमकणारा रंग जोडलेला द्रव घालतात. तो फक्त माणसाच्या अँटीबॉडीला धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी नक्षी उजळते, आणि ती कुठे उजळली यावर सगळं ठरतं. पेशींची केंद्रकं उजळली तर एएनए नावाची अँटीबॉडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि जठराचा स्नायू उजळला तर एसएमए. दोन्हींचा रोख ऑटोइम्यून हिपॅटायटिसकडे. मूत्रपिंडाच्या दूरच्या नलिका आणि जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशी झळाळल्या तर एएमए, म्हणजे मायटोकाँड्रियावर उलटलेली अँटीबॉडी. तिचा रोख यकृतातल्या बारीक पित्तनलिका पोखरणाऱ्या पीबीसी या आजाराकडे.

ही एएमए १९६५ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी ओळखली. तिचं नेमकं लक्ष्य पुढे १९८७च्या सुमारास हाती आलं: मायटोकाँड्रियातल्या पायरुवेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमचा ई-२ हा भाग. उत्क्रांतीत तो इतका जुना आहे की त्याचं भावंड ई. कोलाय जिवाणूतही सापडतं. म्हणूनच कांदिवलीतल्या एखाद्या बाईची अँटीबॉडी उंदराच्या पेशीतही बिनचूक आपलं लक्ष्य गाठते! मायटोकाँड्रिया तर जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. मग मार पित्तनलिकांनाच का? मरणाऱ्या पित्तनलिकेच्या पेशीत ई-२ न मोडता तसाच उघडा पडतो, हे त्याचं एक उत्तर. ते पुरेसं नाही, आणि संशोधक अजून त्याच्या मागे आहेत.

या आजारांशी जोडलेलं मुंबईतलं एक नाव म्हणजे डॉ. दीपक अमरापूरकर. बहुतेक मुंबईकरांना ते २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून झालेल्या त्यांच्या मृत्यूमुळे ठाऊक आहे. बॉम्बे हॉस्पिटलच्या या पोटविकारतज्ज्ञांनी पश्चिम भारतातल्या ऑटोइम्यून यकृतविकारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला होता. हे आजार आपल्याकडे जवळपास नसतातच, असं मानलं जाई, त्या काळात त्यांनी ते इथे शोधले. त्यांची ही ओळखही शहराने जपायला हवी.

नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टने मात्र घाबरू नये. धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडी एएनए सापडते. ऑटोइम्यून हिपॅटायटिस ठरवण्याच्या २००८च्या सुटसुटीत गुणपद्धतीत आठपैकी फक्त दोन गुण अँटीबॉडीला आहेत. उरलेले रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडींची एकूण पातळी, बायॉप्सी आणि व्हायरस नसणं यांना, प्रत्येकी दोन. सहा झाले तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस संभवतो, सात झाले तर निश्चित. एवढी काटेकोर छाननी हवीच, कारण पुढची औषधं वेगळी आहेत: ऑटोइम्यून हिपॅटायटिसला स्टेरॉइड आणि अॅझाथायोप्रिन, पीबीसीला अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड.