पाणी नितळ झालं, म्हणजे शुद्ध झालं का?

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी कोळसा कशाला उगाळायचा, असं तुम्ही म्हणाल. पण प्रश्न आपल्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

हिंगोली जिल्ह्यात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उरतात, तूर झोडली की तुऱ्हाट्या. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या पेटवून देतात. उघड्यावर जाळलं की राख उरते. हवा कोंडून तापवलं तर कोळसा मिळतो. हा कोळसा ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात. हाच सक्रिय कार्बन. त्याच्या एका ग्रॅमला ५०० चौरस मीटरहूनही जास्त पृष्ठभाग असू शकतो. चुलीतल्या कोळशात ही ताकद नसते.

या पृष्ठभागाला पाण्यातले काही पदार्थ चिकटतात. त्याला अधिशोषण म्हणतात. आता ‘काही’ म्हणजे कोणते, ते पाहू.

आपला मुलूख हळदीचा. हळदीचं पिवळं पाणी फडक्यातून गाळून घ्या, त्यात मीठ विरघळवा, आणि ते चांगल्या सक्रिय कार्बनमधून सावकाश जाऊ द्या. पिवळेपणा जाईल, खारटपणा राहील! रंग, वास आणि बरीचशी कीटकनाशकं सेंद्रिय असतात, ती चिकटतात. मीठ चिकटत नाही. खतातून विहिरीत उतरणारं नायट्रेट आणि खडकातून येणारं फ्लोराइडही बहुतांशी मिठासारखंच निसटतं. शिवाय त्यांची चवही कळत नाही.

जंतूंचं काय? कोळसा जंतू मारत नाही. उलट पाण्यातलं क्लोरीन तोच काढून घेतो. म्हणून क्लोरीनचे थेंब गाळल्यानंतर टाकायचे, आधी नव्हे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर ‘सुजल’ गाळणी तयार झाली. पुढे २००९ साली ‘टाटा स्वच्छ’ आलं, तेव्हा जंतूंसाठी राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड द्यावी लागली.

आणखी एक. कार्बनची जागा भरली की तो काम थांबवतो, पण दिसतो तेवढाच काळा. वेळेवर बदलावाच लागतो.

आम्ही वर्गात प्रत्यक्ष प्रमाण शिकवत आलो. पाण्यापुढे मात्र डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. तेव्हा पऱ्हाटीचा कार्बन जरूर करू या, पण आधी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेऊ. त्यात हळद आहे की मीठ, हे कळल्याशिवाय गाळणी ठरवायची कशी?